एका कोयत्याला दोन फोन

दसरा उलटला की आमच्या वस्तीत दोन वास सुटतात. एक पिकल्या सीताफळांचा, दुसरा गाडीच्या चाकांना घातलेल्या वंगणाचा. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी उरकत आलेली असते, ज्वारीनं नुकतं डोकं वर काढलेलं असतं आणि इकडं अर्धी वस्ती बोचकी बांधायला लागते. ऊस तोडायला जायचं. पिठाचे डबे, चटणीची पिशवी, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं गाडीवर चढतं. अलीकडं ह्यात तिसरा वास मिसळलाय, नव्या फोनच्या डब्याचा. डबा फोडला की आतून जो कोरा, औषधासारखा वास येतो ना, तो. यंदा तो माझ्या घरात दोनदा आला. त्याचंच सांगायचंय.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना हात अडखळतो, बोलताना जीभ अडखळत नाही. म्हणून बोलल्यासारखंच लिहितो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पण मुकादमाच्या वहीत नाव एकच, नवऱ्याचं. गया आणि मी पस्तीसेक हंगाम एक कोयता होतो. गेल्या वर्षी श्रावणात ती गेली आणि मी अर्धा कोयता झालो. अर्ध्याला कुणी नेत नाही. नेलं असतं तरी गेलो नसतो, गुडघे संपलेत.

गेला हंगाम मी कसा काढला ते विचारू नका. पोरगा दत्ता, सून सविता आणि नात आरू, तिघं उसाच्या फडावर गेले आणि मी घराला कुलपासारखा लटकून राहिलो. सकाळी एक भाकरी थापायची, तीच संध्याकाळी खायची. शेळीशी बोलायचो. शेळी ऐकून घेते, पण उत्तर देत नाही, आणि मला सवय उत्तर देणाऱ्या बाईची. लोक म्हणतात सवय होते. होते की. दात पडल्याचीपण होते. म्हणून दात होते हे काय माणूस विसरतो?

यंदा आरूला पहिलीत घातलं. आता ती शाळा सोडून आईबापासंगं फडावर जाणार, का माझ्यापाशी राहणार, ह्याच्यावर घरात आठ दिवस धुसफूस चालली. गया असती तर प्रश्नच नव्हता. म्हाताऱ्या बाईपाशी पोर ठेवतात, एकट्या म्हाताऱ्यापाशी कोण ठेवणार? खरं सांगतो, मला आरूच्या शाळेची जेवढी काळजी होती, तेवढीच माझीपण होती. आणखी पाच महिने शेळीशी बोलायची माझी तयारी नव्हती.

एक दिवस सविता अंगावरचा कापूस झटकत उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "मामा, पोर ठेवते तुमच्यापाशी. पण रोज सांजच्याला मला तिचं तोंड दिसलं पायजे. न्हाई दिसलं, तर मी ठेवत न्हाई. शाळा जाऊ दे चुलीत."

"दिसंल की," दत्ता म्हणाला. "माझ्या फोनवर बघ."

"तुमचा फोन सांजच्याला कुठं असतो?"

दत्ता डोकं खाजवायला लागला. सांजच्याला फोन कुठं असतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

आमचं बैलगाडीचं काम. अंधारात फडात शिरायचं, दुपार ढळेपर्यंत तोडायचं, गाडी भरायची. गाडी भरली की गडी ती घेऊन कारखान्याला निघतो आणि बाई कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतते. कारखान्यावर गाड्यांची ही लांब रांग. नंबर लागून काट्यावर वजन होईस्तवर कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. फोन गड्याच्या खिशात, खिसा रांगेत. कोपीवरची बाई चूल पेटवते, उरलंसुरलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकते, पोरं निजवते. तिला कुणाचा फोन येत नाही, कारण तिच्यापाशी फोनच नाही.

बटणाचे फोन नवे नवे आलते तेव्हाची गोष्ट. गयाचं माहेर नांदूरघाटचं. तिची आई अंथरुणाला खिळलेली. मी कारखान्याच्या रांगेत बसलेलो असताना मेव्हण्याचा फोन आला, "म्हातारी गयाला बोलवाय लागली. एकदा आवाज तरी ऐकवा." मी म्हणालो, कोपीवर गेलो की देतो. रांग हलली नाही. बैल सोडून जाता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी कोपीवर पोचलो. फोन लावला तर पलीकडं रडारड चाललेली.

गयानं फोन कानाला धरून ऐकून घेतलं, मला परत दिला आणि कोयता उचलून फडात गेली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी वडवणीच्या बाजारात आम्ही दोघं एका फोनच्या दुकानात गेलतो. माझ्या फोनची बटणं झिजली होती, मला नवा पाहिजे होता. काचेखाली फोन मांडलेले. गयानं एका लाल फोनवर बोट ठेवलं. काचेवर. घ्या म्हणाली नाही, नुसतं बोट ठेवलं. मी म्हणालो, "तुला कशाला? एका कोयत्याला एकच फोन." दुकानदार हसला. मीपण हसलो. तिनं बोट उचललं. काचेवर वाफेचा ठिपका राहिला होता, तो हळूहळू गेला.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात? पण बायको मेल्यावर मोठमोठ्या गोष्टी आठवत नाहीत. असले ठिपके आठवतात.

तर यंदा आम्ही चौघं वडवणीला गेलो. ह्या दिवसांत तिथला बाजार बघावा. फोनच्या दुकानांपुढं फुग्यांची कमान, कर्ण्यावर बाईचा आवाज, "जुना द्या, नवा न्या!" एरवी पायरीवर टेकू न देणारे ह्या पंधरा दिवसांत आम्हाला खुर्ची देतात, गार पाणी देतात, पोराला चॉकलेट देतात. त्यांना ठाऊक असतं, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत माणसाच्या हातात मुकादमाकडून उचललेला आगाऊ पैसा असतो आणि मनात हौस असते. चार दिवसांनी दोन्ही राहत नाहीत.

दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. त्यानं दत्ताला बघितलं आणि खालच्या फळीवरचा फोन काढलाच नाही, वरच्यापासून सुरुवात केली. बैलबाजारातपण असंच असतं. नेकनूरच्या बाजारात मी उभं आयुष्य बैल घेतले. व्यापारी आधी पाऊण लाखाची जोडी चालवून दाखवतो. तुम्हाला ती झेपणार नाही हे त्याला माहीत असतं. पण ती बघितल्यावर तुमची चाळीस हजाराची जोडी तुम्हालाच मरतुकडी दिसायला लागते, आणि तुम्ही आपणहून पन्नासावर जाता. तुम्हाला कुणी ढकलत नाही. तुमची नजरच तुम्हाला वर ओढते.

दत्ताची नजर तेरा हजार नऊशे नव्व्याण्णववर जाऊन बसली. निळा फोन, मागं तीन डोळे, उन्हात मोरपिसासारखा चमकणारा. "दादा, टोळीत सगळ्यांपाशी असलाच हाय," तो मला म्हणाला. त्याचा जुना फोन दिला तर दीड हजार कमी होणार होते.

मी पोराला नावं ठेवत नाही. वर्षभर फाटकी बंडी घालून राबणाऱ्या माणसाला खिशात एक तरी वस्तू चकाकणारी पाहिजे. संध्याकाळी चार गडी रांगेत शेकोटीला बसतात तेव्हा कोण कुणाचं घर बघतो, रान बघतो? फोन बघतात. मी तरुण असताना बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या घातल्या होत्या. त्यानं ऊस काय जास्त वाहिला जायचा? पण रस्त्यानं चालताना माझी मान ताठ असायची. ही तीच शेंबी आहे.

"ह्याला कुलूपच लागत नाही बघा," दुकानदार दत्ताला म्हणाला. "बाजूला अंगठा टेकवा, तुमचा अंगठा वळखून फोन उघडतो. दुसऱ्या कुणाला उघडणार न्हाई."

दत्तानं अंगठा टेकवला. फोन थरथरला, पुन्हा लावा म्हणाला. पुन्हा लावला. पुसून लावला. शर्टाला घासून लावला. दुकानदारानं दुसरं बोट लावायला सांगितलं, मग तिसरं. त्याचा स्वतःचा अंगठा तेवढ्यात झटकन लागला. गुबगुबीत अंगठा, त्यावर रेघा कशा नांगरल्यासारख्या. दत्ताच्या हातांची सोयाबीन काढून सालटं निघालेली, त्याच्या आधी पाच महिने ऊस. अंगठ्यावर रेघा शिल्लकच नव्हत्या.

"सविते, तू लाव गं," दत्ता चिडून म्हणाला.

सवितानं लावला. तिचा तर फोननं धरलासुद्धा नाही.

मला हसू फुटलं. "अहो शेठ, रेशनच्या दुकानातलं मशीनपण आमाला वळखत न्हाई. धा बोटं फिरवावी तवा एक लागतंय, मग गहू मिळत्यात. आन तुमी त्याच्यावर दोन-तीन हजार जास्तीचे घ्यायलात?"

दुकानातले सगळे हसले. दुकानदार हसला नाही, पण लाजला. "नंबर टाकूनपण उघडतो बाबा," म्हणाला.

"नंबर टाकून तो खालचापण उघडतो की."

खालचा म्हणजे सहा हजार नऊशे नव्व्याण्णववाला. काळा, जाड, मागं एकच मोठा डोळा, वजन चांगलं. तो मगापासून सविताच्या हातात होता. कुणी दाखवला नव्हता, तिनंच फळीवरून उचलला होता. उलटा करून बघत होती, सुलटा करून बघत होती, पदरानं पुसत होती. मला म्हणाली नाही, नवऱ्याला म्हणाली नाही. दुकानदाराला हळूच विचारलं, "भाऊ, ह्याची बॅटरी किती दिवस टिकती? कोपीवर लाईट नसती."

"दोन दिवस आरामात टिकती ताई."

दत्ता म्हणाला, "दोन फोन कशाला? एकच कोयता हाय आपला."

काय सांगू, माझ्या कानात कुणीतरी माझाच आवाज ओतला. तीच चाल, तोच ठसका. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. मी ते गयाला बोललो तेव्हा दत्ता लहान होता, घरी माझ्या आईपाशी होता. पण असली वाक्यं शिकवावी लागत नाहीत, घराच्या भिंतीतून झिरपत खाली येतात.

सवितानं फोन फळीवर ठेवला. आरूचा हात धरला. "चला," म्हणाली. "आरूची कापडंपण बांधून घेते मी. फडावर नेते." आवाज चढवला नाही. त्या न चढलेल्या आवाजाची मला ओळख होती.

मी उठलो. गुडघे कडाडले. फळीवरचा फोन उचलला आणि दुकानाच्या बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. दुकानदार मागं पळत आला, "बाबा, कुठं निघालात?" त्याला वाटलं म्हातारा फोन घेऊन पळतोय.

"बैल काय कुणी गोठ्यात बघून घेतं व्हय? उन्हात चालवून बघतो."

उन्हात काच दिसते का बघितली. दिसत होती, हात आडवा धरला की. आवाज वाढवायला लावला, बाजाराच्या कालव्यात ऐकू येत होता. माझं खरखरीत बोट काचेवर फिरवलं. दोनदा फिरलं नाही, तिसऱ्यांदा फिरलं. चांगल्या बैलालापण तिसऱ्या हाकेला चालायची मुभा असते. दुकानदाराला कॅमेरा लावायला सांगून फोन तोंडासमोर धरला, तर काचेत एक म्हातारा दिसला, गाल बसलेला, दाढी वाढलेली. गया असती तर म्हणाली असती, आधी तोंड धुवून या.

आत येऊन मी म्हणालो, "असले दोन द्या."

"दादा!" दत्ता ओरडला.

"ओरडू नको बे. दोन घेतले तर एक रुपाया कमीच लागतोय तुझ्या निळ्यापरीस. हिशेब करून बघ."

"आन जुन्याचे दीड हजार?"

"जुना माझ्यापाशी राहील. न्हाईतर आरूचं तोंड कशात दाखवू हिला, परातीत? दीड हजार मी घालतो. बांधावरच्या सीताफळाचे आलेत."

मग मी एक चूक केली. सवयीनं केली. सौदा पक्का करायचा म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची दोन बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटांनी करायचा. दुकानदार दचकला. हात ओढून घ्यायला लागला. "बाबा, काय करता? बाबा!" गिऱ्हाइकं बघायला लागली. आरू ओरडली, "आबा, त्या काकाला सोडा!"

"दोनशे कमी करा म्हणतोय त्यो," दत्ता म्हणाला आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा हसला. "अहो, बोटं मोजा, दोन हायत."

"इथं किंमत चिटकवलेली असती बाबा!"

"चिटकवलेली किंमत काय देवानं चिटकवली व्हय?"

दोनशे काही सुटले नाहीत. पण दोन रबरी टोप्या फुकट दिल्या फोनांना, आणि काचेवर चिटकवायची काचपण. नेकनूरला बैलासंगं कासरा फुकट मिळतो, तसंच समजलो मी.

परतताना जीपमध्ये दत्ता खिडकीबाहेर बघत बसला. त्याचं निळं मोरपीस दुकानात राहिलं, त्याचं दुःख खरं होतं. सविता आपला डबा मांडीवर घेऊन बसली होती, उघडला नव्हता. वस्ती जवळ आली तशी हळूच म्हणाली, "मामा, आत्याबाईंनी कधी फोन मागितला न्हाई का हो तुमाला?"

मी म्हणालो, "मागितला होता."

"मग?"

"मग काय. मी दिला न्हाई."

दत्तानं खिडकीतली मान आत वळवून माझ्याकडं बघितलं.

दिवाळीचा पाडवा झाला आणि गाड्या निघाल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ येत राहतो, मग धुळीचा पडदा राहतो, मग तोपण खाली बसतो. आरू रडली. मी तिला सीताफळ फोडून दिलं. तिनं बिया माझ्या हातात थुंकल्या आणि रडत रडत खाल्लं. पहिले दोन दिवस फोन आला नाही, गाड्या वाटेत होत्या. तिसऱ्या दिवशी दिवस कलताना दत्ताच्या त्या जुन्या, कोपऱ्यात तडकलेल्या फोनवर सविता दिसली. मागं उसाच्या पाचटाची कोपी, पलीकडं बांधलेल्या मोळ्या, आणि तिच्या कपाळावर उसाच्या पात्यानं ओढलेली लाल रेघ.

"आरू, जेवलीस का?"

"आबांनी भाकरी जाळली," आरूनं सांगितलं.

"जळलेली खाऊ नको. आबाला म्हणावं, दूध-भाकर दे."

एवढंच. पण त्या दिवसापासून सूर्य डोंगराकडं झुकला की आरू दप्तर टाकून ओट्यावर येऊन बसते, आणि मी तिच्यामागं बसतो. भाकरी आता जळत नाही. पोरगी रोज आईला माझा निकाल सांगते, त्या भीतीनं मी चूल सोडून हलत नाही. पोरीची वेणी घालायला शिकलो. वाकडी येते. आई तिकडून म्हणते, "उद्या जरा घट्ट घाला, मामा," आणि मी उद्या घट्ट घालतो. माणूस ह्या वयात काय काय शिकेल, सांगता येत नाही.

नंतर एक गंमत झाली. टोळीत अकरा कोयते, म्हणजे अकरा बाया. फोन एकटीच्या हातात. आठ दिवसांत त्या सगळ्या सविताच्या कोपीपाशी जमायला लागल्या. आणि त्यांची पोरं, सासवा, आया इकडं आमच्या वस्तीत. पहिल्यांदा शेजारची काशीबाई आली. गया गेल्यापासून माझ्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता तिनं. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी बाईमाणसानं कशाला जायचं, असा आपला रिवाज. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली, "माझी सून सविताच्या कोपीवर येणार हाय म्हणं आज. जरा बघू का?"

"बघा की. फोन काय माझ्या बापाचा हाय?"

दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. मग पाच. नातवंडं वेगळी. कुणी कडेवरचं लेकरू फोनपुढं धरतं, कुणी नुसतीच "बाई गं, वाळली गं माझी पोर" म्हणून डोळ्याला पदर लावते आणि तिकडून पोर ओरडते, "वाळली न्हाई आये, अंधार पडलाय!" एकीचं संपलं की दुसरी. गड्यांचे फोन रांगेत चमकतात. त्यांना ह्यातलं काही माहीत नसतं.

दत्ताचा फोन परवा आला, त्याच्या फोनवरून. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "दादा, टोळीतले चौघं इचारायलेत, तो काळा फोन केवढ्याला पडला म्हणून. बायका गप बसू देईनात त्यांना." वर म्हणाला, "तसा वाईट न्हाई फोन. लई वेळ टिकतो." निळ्याचं नाव त्यानं काढलं नाही. मीपण काढलं नाही.

आजपण सगळ्या येऊन बसल्यात. मी चहाचं आधण ठेवून बाहेर आलो आणि फोन नीट टेकवावा म्हणून पुढं वाकलो, तर सविता फोनमधून म्हणाली, "मामा, बाजूला सरका हो. नुसतं तुमचं डोकंच दिसायलंय, बाकी कुणी दिसंना."

ओटाभर बाया हसल्या. काशीबाई तर पदर तोंडात कोंबून हसली. आरूनं मला दोन्ही हातांनी ढकललं. मीपण हसलो, आणि बाजूला सरकलो.